दोन घंटांची सकाळ

१५ ऑगस्टच्या सकाळी आमच्या घरात दोन घंटा ऐकू येत. एक चर्चची, दुसरी शाळेची. वसईतल्या आमच्या गावात चर्च आणि शाळा यांच्यामध्ये एक विहीर, चार-सहा माड आणि खेळाचे मैदान एवढेच काय ते अंतर. पण त्या दिवशी तेवढे अंतरही आम्हा भावंडांना भारी पडे. कारण मिस्सा सातची आणि झेंडावंदन साडेसातचे.

आजी म्हणे, "आधी देव. सणाची मिस्सा चुकवायची नाही." वडील मुंबईच्या गोदीत कामाला होते. सुटीच्या दिवशीही पहाटे उठायची त्यांची सवय सुटत नसे. गालाला साबण लावता लावता ते म्हणत, "आये, देव काही पोरांची हजेरी घेत नाही. गुरुजी घेतात." आई कोणाचीच बाजू घेत नसे. तांब्यात निखारे घालून ती आमच्या पांढऱ्या कपड्यांना इस्त्री करत बसे. शेवटी व्हायचे ते असे, की आम्ही मिस्सेत शेवटच्या बाकावर बसत असू आणि शाळेची घंटा झाली की एकमेकांना कोपरखळ्या मारत, वाकून, हळूच बाहेर सटकत असू. मैदानात पोहोचेपर्यंत छातीत धडधड. देवाला फसवून देशाकडे पळून आलो आहोत, असे काहीतरी वाटत राही.

ज्यांना ही ओढाताण ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. १५ ऑगस्ट हा कॅथलिकांचा पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. येशूच्या आईला देहासह स्वर्गात नेण्यात आले, ही श्रद्धा हजार-दीड हजार वर्षांची जुनी आहे. पोप बारावे पायस यांनी १ नोव्हेंबर १९५० रोजी तिला धर्मसिद्धांताचे रूप दिले. त्याच तारखेला आपला देश स्वतंत्र झाला, हा निव्वळ योगायोग. दुसऱ्या महायुद्धात जपानने शरणागती पत्करल्याचा दुसरा वर्धापनदिन म्हणून लॉर्ड माउंटबॅटन यांनी ही तारीख मुक्रर केली. त्या वेळी त्यांच्या डोक्यात मरियाही नव्हती आणि वसईची माणसे तर नव्हतीच नव्हती.

पण एखादा योगायोग पंचाहत्तरहून अधिक वर्षे दरसाल दारात येऊन उभा राहिला, की त्याला 'ये, बस' म्हणावे लागते. त्याचा अर्थ काय लावायचा, हे घरातल्यांना एकदा बसून ठरवावे लागते. आज मला तेच करायचे आहे.

आमचा पेच सुटला तो मी सहावीत असताना. आमच्या चर्चचे प्रमुख धर्मगुरू आणि शाळेचे मोठे गुरुजी यांची संध्याकाळी विहिरीच्या कट्ट्यावर बैठक असे. मोठे गुरुजी देशस्थ ब्राह्मण. गळ्यात जानवे आणि हातात कायम छत्री. एका संध्याकाळी दोघांनी मिळून ठरवले, की मिस्सा सहाला आणि झेंडावंदन साडेसातला. इतका साधा तोडगा, पण तो निघायला देश स्वतंत्र होऊन सोळा-सतरा वर्षे जावी लागली! त्या वर्षी मिस्सा संपल्यावर फादर, वेदीपाशी सेवा करणारी मुले, लाल लुगड्यांतल्या आज्या, कोळीवाड्यातली माणसे असे सारे गाव थेट मैदानात आले. आजी पहिल्यांदाच झेंडावंदनाला उभी राहिली. झेंडा वर गेला, तेव्हा तिने सवयीने छातीवर क्रुसाची खूण केली. काही मुले हसली. मोठे गुरुजी हसले नाहीत. पुढे कवायत झाली, लेझीम झाले, बुंदीचे लाडू वाटले गेले. दुपारी घरोघरी तांदळाच्या भाकऱ्या आणि कोंबडीचा रस्सा. संध्याकाळी चिखलात रस्सीखेच. सण कुठला आणि राष्ट्रीय दिन कुठला, हे वेगळे काढायची कोणाला गरजही वाटली नाही.

पुढे मी स्वतः शिक्षिका झाले आणि तीसेक वर्षे मुलांच्या रांगा सरळ करण्यात घालवली. निवृत्तीच्या एक-दोन वर्षे आधीची गोष्ट. शाळेसाठी कागदी झेंड्यांचे गठ्ठे घेऊन मी मुंबईहून विरार लोकलने परत येत होते. गळ्यातला क्रूस दिसत होता. समोर बसलेल्या बाईंनी चौथी सीट दिली, गठ्ठा फळीवर ठेवायला मदत केली, पाण्याची बाटलीही पुढे केली. मग अगदी सहज विचारले, "तुमच्यातही करतात का हो पंधरा ऑगस्ट?"

बाई वाईट नव्हत्या, म्हणूनच तो प्रश्न जास्त लागला. कोणी भांडायला आले तर भांडता येते. इथे प्रेमाने विचारले होते.

मी त्यांना काय उत्तर दिले, ते आता आठवत नाही. घरी आल्यावर मात्र मनातल्या मनात एक लांबलचक यादी तयार झाली. १९१६ च्या एप्रिलमध्ये बेळगावात लोकमान्य टिळकांच्या पक्षाने होमरूल लीग स्थापन केली, तिचे पहिले अध्यक्ष माझगावच्या माथारपाखाडीतले जोसेफ ऊर्फ काका बॅप्टिस्टा. हेच काका पुढे १९२० साली आयटक ही कामगार संघटना उभारणाऱ्यांत होते आणि १९२५ साली मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. १८८९ च्या मुंबई काँग्रेसला प्रतिनिधी म्हणून हजर असलेल्या मोजक्या स्त्रियांमध्ये पंडिता रमाबाई होत्या. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचाराला अर्थशास्त्राची बैठक देणारे जे. सी. कुमारप्पा ख्रिस्ती. स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर ख्रिस्ती. घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी ख्रिस्ती. आणि १९४९ साली धार्मिक अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा नकोत, असा निर्णय झाला तेव्हा त्याला पाठिंबा देणाऱ्यांत जेझुइट धर्मगुरू जेरोम डिसूझा होते. पोर्तुगिजांनी लष्करी न्यायालयात खटला चालवून पोर्तुगालच्या पेनिशच्या किल्ल्यात डांबलेले गोव्याचे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा हे तर गोमंतकीय राष्ट्रवादाचे जनक मानले जातात.

यादी खरी आहे. तिचा अभिमानही वाटतो. पण दोन-चार दिवसांनी माझ्याच लक्षात आले, की मी जे करत होते ते वकिलाचे काम होते. आरोपीने निर्दोष असल्याचे पुरावे गोळा करावेत तसे. पण आरोप कोणी केला होता? आणि आईवर प्रेम आहे याचा दाखला कोणी तहसील कचेरीतून आणतो का? ज्या दिवशी चर्चच्या आवारातले झेंडावंदन 'बघा, आम्हीही करतो' हे दाखवण्यासाठी होऊ लागेल, त्या दिवशी ते बंद केलेले बरे. मैदानात माझ्या आजीने क्रुसाची खूण केली, ती कोणाला दाखवण्यासाठी नव्हती. जे पवित्र वाटले, त्यापुढे तिचा हात आपोआप कपाळाकडे गेला.

भक्ती आणि देशभक्ती एकत्र आणणे यात आपल्या मराठी माणसाला नवे असे काही वाटू नये. १८९३ नंतर लोकमान्यांनी गणपती घराबाहेर आणला, तो कशासाठी? लोकांनी एकत्र जमावे, मेळे ऐकावेत, देवाच्या निमित्ताने देशाचा विचार करावा म्हणून. आमचे रेव्हरंड नारायण वामन टिळक तर कीर्तन आणि भजन घेऊन चर्चमध्ये शिरले आणि ख्रिस्ताची भक्ती व मायभूमीची ओढ त्यांनी एकाच कवितेच्या वहीत मांडली. माणसाचे मन हे काही सरकारी कपाट नव्हे, की धर्माची फाईल एका कप्प्यात आणि देशाची दुसऱ्या कप्प्यात. त्यामुळे 'धर्म घरात ठेवा, देश मैदानात ठेवा' असे म्हणणाऱ्या मित्रांशी माझे पटत नाही. ज्याच्यासमोर आपण लेकराच्या तापासाठी गुडघे टेकतो, त्याच्यासमोर देशाच्या दुखण्याबद्दल गप्प का बसायचे?

मात्र याची दुसरी बाजूही आहे, आणि ती वसई-गोव्याच्या माणसाने विसरता कामा नये. आमच्या पूर्वजांच्या भूमीत क्रूस आला तो पोर्तुगालच्या राजाच्या निशाणासोबत. १५३४ ते १७३९ अशी दोनशेहून अधिक वर्षे वसईत या दोहोंची गाठ बांधलेली होती. चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला आणि राजाचे निशाण उतरले. श्रद्धा मात्र राहिली. कारण तोवर ती या मातीतली झाली होती. गोव्यात ती गाठ आणखी सव्वादोनशे वर्षे टिकली. १५ ऑगस्ट १९५५ आठवा. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले सत्याग्रही हातात तिरंगा घेऊन, नि:शस्त्र, गोव्याच्या हद्दीत शिरले आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच दिवशी गोव्यातल्या चर्चमध्ये मरियेचा हाच सण होता. गोळ्या झाडणारी राजवट स्वतःला कॅथलिक म्हणवत होती. सत्तेच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या उपासनेचे काय होते, ते त्या एका तारखेत दिसते. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे आहे, की झेंडा मैदानात असावा, चर्चच्या वेदीवर नसावा. झेंड्याला मान आहे, त्याच्यासाठी लोकांनी प्राण दिले आहेत. पण उपासना फक्त देवाची. हा झेंड्याचा अपमान नाही. देशाला देव केले, की देशाची चूक दाखवणारा लगेच पाखंडी ठरतो, आणि मग देशाचेच नुकसान होते.

मग उपासनेने त्या दिवशी नेमके करायचे काय?

याचे उत्तर मला फार उशिरा मिळाले आणि ते डोळ्यांसमोरच होते. माझ्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असे. त्यातले अक्षर कळत नसे. (खरे सांगायचे तर पाहुण्यांचे स्वातंत्र्यदिनाचे भाषण मराठीत असे, तेही कळत नसे.) दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, साठच्या दशकाच्या अखेरीस, मिस्सा मराठीत आली आणि आम्हाला पहिल्यांदा समजले, की त्या दिवशी वाचतात तरी काय. आजच्या पठणक्रमाप्रमाणे १५ ऑगस्टला लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय वाचतात. गरोदर मरिया डोंगराळ मुलुखातल्या आपल्या नात्यातल्या एलिझाबेथला भेटायला जाते. एलिझाबेथही उतारवयात पोटुशी आहे. दोन बायका दारात भेटतात, एकीचे बाळ पोटात उडी मारते, आणि मरियेच्या तोंडून एक स्तोत्र बाहेर पडते. ते साधे आनंदाचे गाणे नाही. खेड्यातली, गरिबाघरची, रोमी राजवटीखाली राहणारी ही मुलगी ज्या देवाचे गाणे गाते, तो खुर्चीवाल्यांना खाली खेचणारा आणि तळाच्या माणसाला वर घेणारा आहे. तो उपाशी माणसाचे ताट भरतो आणि ज्याची कोठारे भरलेली आहेत त्याला हात हलवत परत पाठवतो.

जरा विचार करा. दरवर्षी १५ ऑगस्टच्या सकाळी, देशभरातल्या कॅथलिक चर्चमध्ये, गुलामीत राहणाऱ्या समाजातल्या एका मुलीचे हे शब्द वाचले जातात, आणि तासाभराने बाहेर मैदानात स्वातंत्र्याचा झेंडा वर चढतो. मुले संविधानाची उद्देशिका म्हणतात. तिच्यातही न्यायाची आणि समतेची ग्वाही आहे. आत ऐकलेले आणि बाहेर म्हटलेले यांत किती थोडे अंतर! मध्ये फक्त विहीर, चार माड आणि मैदान. हा योगायोग जर कोणी मुद्दाम जुळवून आणला असता, तरी इतका नेमका जुळला नसता.

मग त्या सकाळी प्रार्थना कशाची करायची, हा प्रश्न उरत नाही. आभार मानायचे, कारण ज्यांनी तुरुंग भोगला त्यांच्यामुळे आपण मोकळे आहोत. क्षमा मागायची, कारण आपल्याच पंचक्रोशीतल्या आदिवासी पाड्यावर पावसाळ्यात चूल पेटत नाही, आणि आपल्याच समाजात लग्न जमवताना अजून जात बघितली जाते. ख्रिस्ती झालो तरी ती पाटी पुसली गेली नाही, हे कबूल करायला स्वातंत्र्यदिनासारखा दिवस नाही. आणि राज्यकर्त्यांसाठी मागणे मागायचे. ते आपल्या पसंतीचे असोत वा नसोत, त्यांना सद्बुद्धी मिळावी आणि आपल्याला त्यांना प्रश्न विचारण्याचे धैर्य मिळावे.

हे धैर्य प्रार्थनेतून कसे येते, ते वसईने पाहिले आहे. जमिनी, पाणी आणि झाडे वाचवण्यासाठी, गुंडगिरीविरुद्ध, इथली माणसे हरित वसईच्या चळवळीत रस्त्यावर उतरली, तेव्हा त्यांच्या पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते आणि बरोबर सर्व धर्मांची माणसे होती. दिब्रिटो २०२४ साली गेले. मराठीतून बायबल लिहिणारा आणि २०२० च्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झालेला हा धर्मगुरू त्या गाण्याचा अर्थ प्रवचनापुरता ठेवून थांबला नाही, म्हणून लोकांना तो आपला वाटला.

आणखी एक आठवण. दरवर्षी २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याची सांगता होते. वर्षानुवर्षे त्या संध्याकाळी लष्कराची वाद्यपथके 'अबाइड विथ मी' या ख्रिस्ती प्रार्थनागीताची धून वाजवत. हेन्री फ्रान्सिस लाइट याने १८४७ मध्ये लिहिलेले हे गीत गांधीजींना फार प्रिय होते. २०२२ पासून ती धून वगळली गेली. मला वाईट वाटले, ते नाकारत नाही. पण माझ्या धर्माचे काही गेले म्हणून ते नव्हते. ते गीत आम्ही आजही चर्चमध्ये म्हणतो, तिथून ते कोण काढणार? वाईट वाटले ते वेगळ्या कारणाने. तीन दिवस रणगाडे आणि विमाने पाहिल्यावर, अंधार पडताना, एवढ्या बलाढ्य देशाची फौज 'आता तूच सोबत राहा' अशा अर्थाचे सूर काढते, त्यात एक नम्रता होती. ती नम्रता कुठल्या धर्माच्या चालीत बसवायची, हे सरकारने ठरवावे. अभंगात बसवा, गुरुवाणीत बसवा. पण ती असावी. आपल्यापेक्षा मोठे कोणीतरी आहे, हे मान्य करणारा देश मला जास्त सुरक्षित वाटतो.

आता जल्लोषाबद्दल. उपासनेची बाजू मांडणारी बाई लेझीम आणि लाडूंच्या विरोधात असेल, असा कोणाचा समज होऊ नये. मरियेनेही गाणेच गायले होते, भाषण केले नव्हते. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला तेव्हा पहिली काळजी तिलाच लागली होती. सण म्हटला की खाणे, गाणे, नवे कपडे हवेतच. माझी तक्रार वेगळी आहे. आमच्याकडे आता मैदानाच्या निम्म्या भागात गाड्या उभ्या असतात. ध्वनिवर्धकावर देशभक्तीची गाणी इतकी मोठ्याने लागतात, की शेजारच्या आजारी माणसाने कानांत बोळे घालावेत. जोडून सुटी आली तर अर्धे गाव लोणावळ्याला. मिस्सा कशीबशी उरकायची, झेंड्यासोबत फोटो काढायचा आणि गाडी काढायची. म्हणजे आमच्या लहानपणी देव आणि देश यांच्यात ओढाताण होती, आता दोघांनाही एकदमच रजा! त्यापेक्षा ती जुनी ओढाताण बरी होती. निदान दोन घंटा तरी ऐकू येत होत्या.

म्हणून आमच्या चर्चच्या सभेत दोन वर्षांपूर्वी मी एक सूचना केली. मिस्सेनंतरचा झेंडा दरवर्षी कोणा पुढाऱ्याने, देणगीदाराने किंवा निवृत्त अधिकाऱ्यानेच का फडकवायचा? मरियेचे गाणे खरे मानायचे असेल, तर त्या दिवशी दोरी तळाच्या माणसाच्या हाती द्या. थोडी कुजबुज झाली. कोणीतरी म्हणाले, "बाई, प्रघात नाही तसा." पण आमचे तरुण फादर म्हणाले, "प्रघात पाडावा लागतो."

त्या वर्षी झेंडा फडकवला तो आमच्या चर्चचे आणि शाळेचे आवार गेली वीस वर्षे झाडणाऱ्या बाईने. ती वारली समाजाची, चर्चला येणारी नव्हे. ती आधी तयारच होईना. "मला दोरी कशी सोडायची ठाव नाय," म्हणाली. मी आदल्या संध्याकाळी तिला मैदानात नेऊन दोनदा सराव करून घेतला. सकाळी ती धुतलेले लुगडे नेसून आली. चपला खांबापासून लांब काढून ठेवल्या, देवळात जाताना ठेवतात तशा. दोरी ओढली, गाठ एका झटक्यात सुटली, फुले खाली पडली, आणि तिने दोन्ही हात जोडले.

शेजारी माझा नातू उभा होता. त्याने विचारले, "आजी, त्या नमस्कार का करतात? झेंड्याला सलाम करायचा असतो ना?"

मला माझी आजी आठवली. मी म्हटले, "ज्याला जसे येते, तसे तो करतो रे. तू सलाम कर."

त्याने केला. मागे चर्चची घंटा वाजत होती, ती पुढच्या मिस्सेची. शाळेची घंटा मात्र त्या दिवशी वाजायची राहूनच गेली. कारण ती वाजवणारी बाई झेंड्यापाशी उभी होती.